वाचकांचे प्रश्न: लेकीचं अंडाशय गोठवून ठेवायचं म्हणजे नेमकं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात चार पत्रं एकाच विषयाची निघाली. सत्तावीस वर्षं मी कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, पण असं कधी झालं नव्हतं. म्हणून पांढरं जाणं, पाळीतली पोटदुखी वगैरे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकले आहेत. राग मानू नका. ज्यांच्या हाताशी दिवस कमी होते त्यांना मी आधीच फोन केला आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आठ महिन्यांची असताना तिला थॅलेसेमिया मेजर निघाला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी कोल्हापूरला आणून रक्त चढवतो. आता तिच्या मोठ्या भावाचं बोन मॅरो जुळलं आहे आणि दोन महिन्यांनी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ट्रान्सप्लांट ठरलं आहे. तिथले डॉक्टर जाता जाता म्हणाले, आधी जी केमो देतात तिने पुढे मूल होणं अवघड होईल. माझ्या नणंदेची मुलगी नर्स आहे. ती म्हणते, अंडाशय काढून गोठवून ठेवता येतं. सासूबाई म्हणतात, पोरीच्या पोटाला कात्री लावू नका, उद्या कोण करून घेणार? आमची दोन एकर शेती आणि चार जनावरं आहेत. हे खरंच असतं का? तिला पाळी येईल का? तिच्या मुलांना हाच आजार होईल का? आणि तिला हे सांगायचं का?
— एक आई, राधानगरी तालुका

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. फोनवर तुम्ही निम्मा वेळ रडत होता, त्यामुळे किती लक्षात राहिलं असेल माहीत नाही. म्हणून सगळं पुन्हा सावकाश लिहिते.

हे खरंच असतं. तुमच्या गोठ्यातली गाय माजावर आली, की कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलवरून येतो. त्याच्याजवळ दुधाच्या किटलीसारखं जाड भांडं असतं. झाकण काढलं की पांढरी वाफ बाहेर येते, आणि तो चिमट्याने एक बारीक नळी उचलून कोमट पाण्यात धरतो. त्या भांड्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशाचा. ज्या वळूची ती नळी असते तो कधीचा मेलेलाही असेल, तरी वासरू होतं. त्या थंडीत काळ थांबतो. तीन वर्षं ठेवलं काय आणि पंधरा वर्षं ठेवलं काय, आतल्या पेशींना फरक पडत नाही. तुमच्या लेकीसाठी वापरायचं तंत्र याच घराण्यातलं आहे, फक्त खूप नाजूक.

आता ते अंडाशयावर कसं चालतं ते सांगते. माझ्या वडिलांचा भोगावतीकाठी ऊस होता. लागणीसाठी बेणं तोडताना ते प्रत्येक टिपरीवरून बोट फिरवून डोळा शाबूत आहे ना ते बघायचे. कांडं कितीही रसरशीत असलं तरी डोळा मेला असेल तर टिपरी बाजूला टाकायचे. अंडाशयाचंही असंच आहे. सगळी बीजं बाहेरच्या पातळ थरात, सालीत असतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्यात दहा ते वीस लाख बीजं असतात आणि पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवीन एकही तयार होत नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या सालीत हे डोळे दाटीने बसलेले असतात, म्हणून एवढ्याशा तुकड्यातही पुष्कळ मिळतात. वय वाढतं तशी ती दाटी विरळ होत जाते. म्हणूनच पस्तिशीनंतर सहसा कुणी हे करत नाही.

दुर्बिणीने, पोटावर दोन-तीन छोट्या छिद्रांतून, एक अंडाशय काढतात. या वयात ते भिजवलेल्या बदामाएवढं असतं, म्हणून मुलींचं बहुतेकदा पूर्ण एक काढतात आणि दुसरं जागेवर ठेवतात. मग प्रयोगशाळेत आतला मऊ गाभा खरवडून टाकतात. जी साल उरते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची. तिचे ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे चौकोनी तुकडे करतात. हे तुकडे एका खास द्रावात भिजवतात, कारण नुसतं गोठवलं तर पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे काटे होतात आणि ते पेशी आतून फाडतात. द्राव त्या पाण्याची जागा घेतो. मग तापमान अगदी सावकाश उतरवत नेतात आणि शेवटी तुकडे छोट्या नळ्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात.

पुढे ती मोठी झाली, आजारातून पूर्ण बरी झाली आणि तिला मूल हवंसं वाटलं, तर यातले थोडे तुकडे वितळवून तिच्याच राहिलेल्या अंडाशयावर किंवा त्याच्या शेजारी टाके घालून बसवतात. सगळे एकदम वापरत नाहीत, काही मागे राखून ठेवतात. रुजायला वेळ लागतो. नवीन रक्तवाहिन्या फुटेपर्यंत पहिल्या काही दिवसांत पुष्कळ डोळे मरतात, जसं लागणीनंतर उसाचंही होतं. चार-पाच महिन्यांत पाळी सुरू होते. हे बहुतेकींत होतं. बसवलेला भाग साधारण चार-पाच वर्षं काम करतो, काहींत त्याहून जास्त.

तुमच्या लेकीच्या उदाहरणाशी अगदी जुळणारी एक हकीकत आहे. दुबईच्या एका मुलीला बीटा थॅलेसेमिया होता. ट्रान्सप्लांटच्या आधी, ती नऊ वर्षांची असताना, इंग्लंडमध्ये लीड्सला तिचं एक अंडाशय काढून गोठवलं. मोठेपणी तिची पाळी बंद होण्याच्या वाटेवर होती. २०१५ साली डेन्मार्कमध्ये तिच्यात तुकडे परत बसवले. पाळी परत आली. मग टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला आणि डिसेंबर २०१६ मध्ये लंडनला तिला मुलगा झाला. त्याआधी बेल्जियममध्ये तेराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याआधी, राखलेल्या तुकड्यातून एकीला बाळ झाल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मोठ्या बायकांत पहिलं बाळ २००४ चं, तेही बेल्जियमचंच, डॉ. जॅक डोनेझ यांच्या हातचं. तिचे तुकडे १९९७ मध्ये राखले होते. आज जगभरात अशी दोनशेहून अधिक मुलं जन्मली आहेत. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली या उपचारावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

पण तुम्हाला फसवायचं नाही. परत बसवलेल्या बायकांत साधारण तिघी-चौघींतल्या एकीला मूल झालं आहे. म्हणजे ही हमी नाही. आणि लहानपणी राखून मोठेपणी वापरलेल्या मुलींची संख्या अजून थोडी आहे, कारण त्या मुली अजून मोठ्या होताहेत. तरीही मी तुम्हाला 'करा' असंच सांगितलं. बुसल्फानसारख्या ज्या औषधांनी तिचा जुना मॅरो रिकामा करणार आहेत, ती औषधं अंडाशयावर सर्वांत कठोर असतात. आणि ज्या मुलीला अजून पाळीच आलेली नाही तिची पिकलेली बीजं काढून गोठवण्याचा मार्ग नसतो. तिच्यासाठी ही एकच वाट आहे.

आता पाळीचं. ट्रान्सप्लांटनंतर बऱ्याच मुलींची पाळी आपोआप सुरू होत नाही, छाती वाढत नाही. घाबरू नका. त्याला हार्मोनच्या गोळ्या किंवा पट्ट्या आहेत. योग्य वयात सुरू केल्या की अंग भरतं, पाळी येते, हाडं मजबूत राहतात. यासाठी बारा-तेराव्या वर्षापासून तिला दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. 'वाढेल आपोआप' म्हणून थांबू नका, हाडांचं नुकसान भरून येत नाही. गर्भपिशवीला या औषधांनी सहसा धक्का लागत नाही. सगळ्या अंगाला किंवा ओटीपोटाला रेडिएशन देणार असतील तर मात्र पिशवीही आखडते, म्हणून ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा: रेडिएशन आहे का?

आणखी एक गोष्ट थॅलेसेमियाच्या मुलांचीच. इतकी वर्षं रक्त चढवून लोह साठतं आणि ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतही जाऊन बसतं. बीजं शाबूत असूनही त्यांना 'उठा' म्हणणारा निरोप मेंदूकडून येत नाही. पुढे तिला इंजेक्शनांची जोड लागू शकते. म्हणून लोह उतरवायची गोळी एक दिवसही चुकवू नका. कडू लागते, मळमळतं, हे सगळं खरं आहे, तरीही.

मुलांना आजार होईल का, हा तुमचा तिसरा प्रश्न. इथे जरा लक्ष देऊन वाचा, कारण हे शिकलेल्यांच्याही लक्षात येत नाही. ट्रान्सप्लांटनंतर तिचं रक्त भावाचं होईल. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर तोही बदलून भावाचा होईल. पण बीजं तिचीच राहतील, आणि तिच्या प्रत्येक बीजात थॅलेसेमियाचा दोष असेल. नवरा निर्दोष असेल तर मूल फक्त वाहक होईल, म्हणजे दोष अंगात असेल पण तब्येतीने ठणठणीत. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मेजर होण्याची शक्यता निम्मी. म्हणून लग्नाआधी मुलाची हिमोग्लोबिन एचपीएलसी ही रक्ततपासणी करायचीच, ती वाहक आहे का ते सांगते. आणि पुढे ती गरोदर राहिली की कुणीतरी नवीन डॉक्टर तिचं रक्त तपासून 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणतील. तो रिपोर्ट भावाच्या रक्ताचा असेल, तिच्या बीजांचा नाही. ही ओळ तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दोन महिने हाताशी आहेत, ते पुरेसे आहेत, पण आठवडे वाया घालवू नका. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना सरळ विचारा: सेंट्रल लाइन (औषधांसाठी मोठ्या शिरेत ठेवायची नळी) टाकायला भूल देणारच आहात, तर त्याच भुलीत अंडाशय काढता येईल का? पुष्कळ ठिकाणी असं करतात. मुलीला दोनदा भूल द्यावी लागत नाही. आधी रक्त चढवून हिमोग्लोबिन वर आणतात. गोठवायची सोय मोजक्याच केंद्रांत आहे, आणि ऑपरेशन व गोठवणं एकाच छताखाली असायलाच हवं असं नाही. डेन्मार्कमध्ये अंडाशय दुसऱ्या शहरात काढून, बर्फावर ठेवलेल्या द्रावातून चार-पाच तास प्रवास करून कोपनहेगनला नेतात, आणि त्यातूनही मुलं झाली आहेत. तेवढ्या वेळात कोल्हापूरहून पुणं येतं. केंद्र निवडताना मात्र तीन गोष्टी लेखी घ्या. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे का. नुसती बीजं आणि गर्भ नव्हे, तर अंडाशयाचे तुकडे गोठवण्याचा अनुभव आहे का. आणि दरवर्षी ठेवणावळ किती, ती भरायची चुकली तर ते आधी कुणाला कळवतात. शेवटचा प्रश्न विचारायला लोक विसरतात. तुमची लेक पंचविशीची होईपर्यंत चौदा वर्षं जायची आहेत. घर बदलेल, फोन नंबर बदलेल.

सासूबाईंबद्दल. त्यांना माझा निरोप द्या, की आजी, कात्री पोरीच्या पोटाला लागतेय ती तिचं काही काढून घ्यायला नव्हे, तर राखायला. टाक्यांच्या खुणा मसूर डाळीएवढ्या राहतात. 'कोण करून घेणार' या भीतीपोटी आज काही केलं नाही, तर उद्या ती पोर स्वतः विचारेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००५ साली माझ्याकडे एक एकवीस वर्षांची मुलगी आली होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मानेत गाठ, लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मोठ्या शहरात केमो सुरू होणार होती आणि केमोत पाळी येऊ नये म्हणून तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून घ्यायला माझ्याकडे पाठवलं होतं. मी गोळ्या लिहून दिल्या, पाठीवर हात फिरवला आणि 'बरी होऊन ये' म्हटलं. ती बरी होऊन आलीही, तीन वर्षांनी. जानेवारी महिना होता, सकाळी बाहेर धुकं. माझ्यासमोर बसून ती हातातल्या फाईलने वारा घेत होती. मानेवरून घामाचे ओघळ. तिच्या आई म्हणाल्या, "डॉक्टर, रात्रीची दोन-दोनदा गाऊन बदलतिया वो." अंडाशय थकलं की रक्तात वाढणारं एफएसएच हार्मोन तपासलं, ब्याऐंशी आलं. चोविसाव्या वर्षी पाळी गेली होती. मी समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. बेल्जियमच्या बाळाची बातमी २००४ मध्येच मी वाचली होती. तेव्हा आपल्याकडे ती सोय नव्हती हेही खरं. पण मी तिला विचारलंच नाही, सांगितलंच नाही. पोरगी मरणाच्या दारात आहे, आत्ता मुलाबाळांचं कुठे काढायचं, असं वाटलं. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं असणार. सगळ्यांनी मिळून तिच्या वतीने ठरवून टाकलं, आणि तिला पत्ताही नव्हता. आजही दिवाळीला तिचा फोन येतो. ती मला कधी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून केमोला निघालेली कुणीही बाई, मुलगी माझ्यासमोर बसली की गोळी लिहायच्या आधी मी हा विषय काढते.

म्हणून तुमचा चौथा प्रश्न, सांगायचं का. सांगायचं. अकरा वर्षांची आहे, सुया खाऊन खाऊन ती कुठल्याही मोठ्या माणसाइतकी शहाणी झालेली आहे. आईपण वगैरे जड शब्द नकोत. 'औषधाने पोटातल्या बीजांना त्रास होऊ नये म्हणून थोडी बाजूला थंडीत ठेवतोय, मोठी झाल्यावर वापरायची का ते तूच ठरवायचं,' एवढं पुरे. आणि ती 'नको, भीती वाटते' म्हणाली तर तेही ऐका, दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा बोला. फॉर्मवर सही तुमची असेल, पण त्या नळ्या तिच्या आहेत.

प्रश्न : मी एकतीस वर्षांची, शिक्षिका आहे. दोन वर्षांची मुलगी आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो तीन आठवड्यांनी आहे. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. अंडाशय गोठवू का?
— गडहिंग्लज

उत्तर : तुमच्यासाठी अंडाशयाचे तुकडे हा पहिला पर्याय नाही. तीन आठवड्यांत दहा-चौदा दिवसांची इंजेक्शनं घेऊन बीजं काढता येतात. तुमचं लग्न झालेलं आहे, तेव्हा दोघांच्या संमतीने गर्भ करूनही गोठवता येतात. पाळीचा दुसरा दिवस यायची वाट बघावी लागत नाही, महिन्यात कधीही सुरू करतात. 'इंजेक्शनांनी हार्मोन वाढतील, गाठ वाढेल' ही भीती रास्त आहे, म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. उद्याच कॅन्सरच्या डॉक्टरांची परवानगी घ्या, एकेक दिवस मोलाचा आहे.

दुसरं, घरात आई, मावशी, आत्या कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? असेल तर बीआरसीए या घराण्यातून येणाऱ्या जनुकीय दोषाच्या तपासणीबद्दल विचारा. तो दोष निघाला तर अंडाशय परत बसवणं शहाणपणाचं नसतं, म्हणूनही बीजं बरी. तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर पुढे पाच ते दहा वर्षं गोळ्या सांगतील. तेव्हा 'मग मूल कधी?' म्हणून खचू नका. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन झाल्यावर मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवल्या तरी, निदान पहिल्या काही वर्षांत, कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं २०२३ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.

प्रश्न : वय एकोणतीस, पुण्यात आयटीत आहे, माहेर राजारामपुरी. तब्येत उत्तम. अंडाशयाचे तुकडे गोठवून ठेवले की पाळी जाणं पुढे ढकलता येतं असं ऐकलं. करावं का?

उत्तर : नको. धडधाकट बाईच्या पोटातलं चालतं अंडाशय काढायचं, त्यातले निम्मेअधिक डोळे परत बसवताना गमवायचे, हा व्यवहार मला पटत नाही. ज्यांच्यावर केमोचं संकट आहे त्यांच्यासाठी हे नुकसान सोसण्यासारखं असतं, तुमच्यासाठी नाही. लग्न किंवा मूल उशिरा हवं असेल तर बीजं गोठवण्याबद्दल भेटून बोलू. येताना एएमएचचा, म्हणजे बीजांचा साठा किती ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आणा.

प्रश्न : मॅडम, मी सव्वीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी हॉजकिन्स लिम्फोमा झाला, बारा इंजेक्शनं घेऊन बरी झाले. आता तो परत आला आहे. पुढच्या आठवड्यात जास्त ताकदीची केमो, मग माझ्याच पेशी वापरून ट्रान्सप्लांट. डिसेंबरात साखरपुडा झालाय. एकदा केमो घेऊन झाल्यामुळे आता उशीर झाला का? आणि कॅन्सरच्याच रोग्याचा तुकडा परत बसवला तर त्यातून कॅन्सर येणार नाही? हे गोठवण्याचं सासरी सांगू का?
— इचलकरंजी

उत्तर : अगं, उशीर झालेला नाही. तुझा पहिला कोर्स अंडाशयाला त्यातल्या त्यात सौम्य असतो. आता ट्रान्सप्लांटच्या आधी मेल्फालान देतील, ते मात्र कठोर आहे. जे करायचं ते त्याच्या आत. बीजं काढायला दोन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तुझे डॉक्टर थांबायला तयार नव्हते. अंडाशयाचा तुकडा मात्र दोन-तीन दिवसांत निघतो, आणि आधी केमो झाली असली तरी चालतो. म्हणून तुझ्यासाठी हीच वाट योग्य.

तुझी शंका फार बरोबर आहे, आणि ती तू विचारलीस याचं मला कौतुक वाटलं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, ल्युकेमियात, ती भीती खरी असते. तिथे रोगाच्या पेशी अंडाशयात लपून बसू शकतात, म्हणून तुकडे राखले तरी परत बसवताना डॉक्टर दहादा विचार करतात. हॉजकिन्समध्ये हा धोका फार कमी आहे. पहिलं बाळ झालेल्या त्या बेल्जियमच्या बाईला हॉजकिन्सच होता. तरीही एक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवून तपासायचा असतोच. तो रिपोर्ट मागून घे.

सासरी सांगायचं का, हे तू माझ्यावर सोपवू नकोस. आजार लपवून संसार उभा राहत नाही, आणि तुझा आजार तर त्या घराला ठाऊकच आहे. पण अंडाशयाचं काय केलं, किती राखलं, हे कधी आणि कुणाला सांगायचं ते तुझं. त्या मुलाशी मात्र तू स्वतः बोल, आईला मध्ये घालू नकोस. शक्य तर रंकाळ्यावर फिरायला जा आणि तिथे सांग. घरात चार माणसं कान देऊन बसलेली असली की असलं बोलणं होत नाही.

हा अंक छापायला जाईपर्यंत तुझा फोन आला, की बुधवारी ऑपरेशन झालं, शुक्रवारी घरी आलीस आणि सोमवारपासून केमो सुरू होतेय. बरं वाटलं. टाके कोरडे ठेव, ताप आला तर वाट न बघता कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन कर, कारण केमोच्या तोंडावर साधा तापही साधा नसतो. आणि केंद्राने दिलेल्या कागदावर नळ्यांची संख्या, टाकीचा क्रमांक आणि तारीख नीट लिहिली आहे ना ते एकदा वाचून बघ. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेव, एक झेरॉक्स भावाकडे दे, आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटसोबत कपाटात ठेव.